घडीचे कॅमेरे ओळखताना : फोंड्यातल्या नोंदी

८ मे

वाचनालयाच्या माळ्यावरची लाकडी पेटी आज खाली उतरवली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले घडीचे कॅमेरे, काही कातडी पाकिटात, काही तसेच. मार्दोळ, कवळे आणि बांदोड्याच्या काही घरांनीही आपल्याकडचे कॅमेरे नोंदीसाठी आणून दिले आहेत. चवथीच्या आधी ते ज्याचे त्याला परत करायचे ठरलं आहे.

जुन्या यादीत 'झाइस कॅमेरा, एक', 'अ‍ॅग्फा, मोडका' एवढंच लिहिलेलं. या यादीवरून कुणाला काहीच कळणार नाही. एकाच नावाचे, एकाच उंचीचे दोन कॅमेरे शेजारी ठेवले तर एकाचं शटर १/१२५ ला थांबतं आणि दुसऱ्याचं १/५०० पर्यंत जातं. एकाचं भिंग तीन काचांचं, दुसऱ्याचं चार काचांचं. घेणाऱ्याने त्या काळी या फरकासाठी चांगले पैसे मोजले होते. तो फरक कार्डावर यायलाच हवा.

१० मे

काका आले. गोव्यातल्या या फोंड्याच्या बाजारात त्यांचा स्टुडिओ होता, आता मुलाने तिथे झेरॉक्सचं दुकान टाकलंय. मी पहिला कॅमेरा हातात घेऊन पुढची अक्षरं वाचायला लागले, तर म्हणाले, "बाय, पयलीं दार उगड. नांव मागीर वाच."

दार म्हणजे भिंगापुढचं झाकण. ते उघडल्यावर कळतं ते असं. काही कॅमेऱ्यांत दार खाली पाडायचं आणि मग भिंगाची चौकट चिमटीत धरून रुळांवरून पुढे ओढायची. ही जुनी तऱ्हा. काहींत बटण दाबलं की दार आणि चौकट एकदमच पुढे येतात आणि खटकन जागेवर बसतात. झाइस इकॉनची इकॉन्टा १९२९ मध्ये आली ती ही दुसरी सोय घेऊन, आणि पुढच्या दशकात जवळजवळ सगळ्यांनी ती उचलली. म्हणजे नाव न वाचताही निम्मा काळ ठरला.

दुसरं म्हणजे हा एक कॅमेरा नसून तीन कारखान्यांचा माल आहे, हे काकांनी पहिल्याच दिवशी डोक्यात घातलं. डबा आणि भाता (डबा व भिंग जोडणारा घड्यांचा पडदा) एकाचा, शटर दुसऱ्याचं, भिंग पुष्कळदा तिसऱ्याचं. कॉम्पुर शटर म्युनिकच्या फ्रीड्रिख डेकेलचं, प्राँटर काल्मबाखच्या आल्फ्रेड गाउथियरचं. डब्यावर झाइसचं नाव असो की फोइग्टलँडरचं, शटर याच दोघांपैकी एकाचं असण्याची शक्यता फार मोठी. त्यामुळे एकच डबा दुकानात चार-पाच वेगवेगळ्या जोड्यांत विकायला असे. साधं नोवार भिंग आणि साधं शटर हवं, की टेसार आणि कॉम्पुर-रॅपिड, हे गिऱ्हाइकाच्या खिशावर.

कार्डाचा नमुना यावरूनच ठरवला. डबा, शटर, भिंग यांना स्वतंत्र ओळ, प्रत्येकाचं साल वेगळं लिहायचं. तिन्ही एकमेकांशी जुळतात का, हे चौथ्या ओळीत. माझ्या मते या कामात सगळ्यात महत्त्वाची ओळ ती चौथी.

१३ मे

आज फक्त झाइस इकॉन. ही कंपनी १९२६ साली इका, एर्नेमान, गोएर्त्स आणि कॉन्टेसा-नेटेल या चार जुन्या कंपन्या एक होऊन झाली, मुख्य ठाणं ड्रेस्डेन. त्यांनी एक फार चांगली सवय ठेवली होती : मालाचा क्रमांक कातड्यातच दाबून उठवायचा. बोटाने चाचपलं तरी लागतो. कातडं काळं पडून आकडा दिसेनासा झाला असेल तर टॉर्च अगदी आडवा धरायचा, सावलीत आकडे उभे राहतात.

क्रमांकाचा पुढचा भाग जात सांगतो, तिरक्या रेघेनंतरचा भाग फोटोचा आकार. ५१५ नेटार, ५२० आणि ५२१ इकॉन्टा, ५३० आणि त्यापुढचे सुपर इकॉन्टा. शेवटी /१६ असेल तर ६ बाय ६ सेंटिमीटर, /२ असेल तर ६ बाय ९, तिरकी रेघच नसेल तर ६ बाय ४.५. एवढं पाठ झालं की अर्धी पेटी आपोआप मार्गी लागते.

गंमत ५२३/१६ आणि ५२४/१६ मध्ये आहे. दोन्ही दुसऱ्या महायुद्धानंतरचे इकॉन्टा, दोन्हींना वर चकचकीत क्रोमची टोपी. पण दुसऱ्याच्या टोपीत रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं साधन, आहे. तो भिंगाला जोडलेला नाही. चक्र फिरवून दोन प्रतिमा एकावर एक आणायच्या, आकडा वाचायचा आणि तोच आकडा हाताने भिंगाच्या कड्यावर लावायचा. सुपर इकॉन्टामध्ये हे दोन्ही एकमेकांना जोडलेलं. तिथे भिंगाच्या बाजूला एक छोटा हात वर येतो, त्यात दोन पाचरीच्या आकाराच्या काचा उलटसुलट फिरतात आणि प्रतिमा सरकवतात. तेव्हा 'रेंजफाइंडर आहे' असं लिहून थांबायचं नाही. जोडलेला की सुटा, हे लिहिल्याशिवाय प्रकार ठरत नाही.

पेटीतल्या ५३०/१६ ला काकांनी लगेच ओळखलं. १२० क्रमांकाच्या रोलवर ६ बाय ६ चे बारा फोटो निघायला हवेत, याच्यावर अकराच निघतात, कारण याची रोल पुढे सरकवण्याची यंत्रणा दोन फोटोंत जागा जास्त सोडते. काका म्हणाले, लग्नाला हा कॅमेरा घेऊन जाणारा फोटोग्राफर रोल मोजूनच बरोबर घ्यायचा.

कातड्यावर ठिकठिकाणी टेंगळं आलेली आहेत. खालच्या पितळी रिबिटांवर दमट हवेने गंज चढतो आणि तो कातडं वर उचलतो. झाइसच्या डब्यांवर हे जगभर दिसतं, आपल्याकडे पावसामुळे जास्त. ओळखीला याचा एक उपयोग आहे. टेंगळं जागच्या जागी असतील तर कातडं बहुधा मूळचं. एखाद्या जुन्या झाइसचं कातडं अगदी सपाट असेल तर ते नंतर बदललंय का, हे बघायचं, कारण मग क्रमांकही गेला असणार.

१६ मे

ज्यांच्यावर क्रमांक नाही त्यांचा आकार कसा ठरवायचा? अर्थात आतली चौकट मोजून. पण पाठीवरच्या लाल खिडकीवरूनही ठरतो, आणि खिडकी काळही सांगते.

१२० रोलच्या मागच्या कागदावर आकड्यांच्या तीन ओळी छापलेल्या असतात. एका कडेला ६ बाय ९ चे आठ, मधोमध ६ बाय ६ चे बारा, दुसऱ्या कडेला ६ बाय ४.५ चे सोळा. म्हणून खिडकी मधोमध असेल तर ६ बाय ६. कडेला असेल तर बाकीच्या दोहोंपैकी एक. पण सुरुवातीला कागदावर फक्त आठच आकडे होते. त्या काळच्या ६ बाय ४.५ कॅमेऱ्यांना शेजारी शेजारी दोन खिडक्या दिलेल्या असत. १ हा आकडा आधी एका खिडकीत आणायचा, फोटो काढायचा, मग तोच १ दुसऱ्या खिडकीत. असे आठाचे सोळा. दोन खिडक्यांचा एक छोटा इकॉन्टा कवळ्याच्या एका घरातून आला आहे. घरच्यांना वाटत होतं की दुसरी खिडकी कुणीतरी नंतर पाडली. ती मूळची आहे, हे कार्डावर स्पष्ट लिहिलं.

दोन खिडक्या आणि आत काढता येणारी पत्र्याची चौकट असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तो दोन आकारांचा कॅमेरा, आणि चौकट हरवली असेल तर ती 'हरवली' म्हणून लिहायची.

२० मे

आजचा कॅमेरा जरा सावकाश बघितला. डबा नेटार ५१५/२, म्हणजे ६ बाय ९. भिंग नोवार, १०.५ सेंमी, सगळ्यात मोठं छिद्र ६.३ (आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं). हे जुळतं, कारण ६ बाय ९ ला साधारण तेवढंच नाभीय अंतर लागतं. आकडा सेंटिमीटरमध्ये आहे हेही युद्धाआधीच्या काळाला धरून आहे. नंतर मिलिमीटर लिहायला लागले.

शटरवरची छिद्राची पट्टी मात्र ४.५ पासून सुरू होते.

६.३ च्या भिंगाला ४.५ चा आकडा लागू पडत नाही. ही पट्टी भिंगानुसार कारखान्यात बसवली जाते आणि तिचा पहिला आकडा भिंगाच्या कड्यावरच्या आकड्याशी जुळलाच पाहिजे. काकांनी भिंग काढलं. शटरच्या मागची कडी सोडवल्यावर चौकटीवर जुन्या कडीचा गोल व्रण दिसला, आत्ताच्या कडीपेक्षा थोडा मोठा. म्हणजे मूळचं शटर वेगळ्या मापाचं होतं. नंतर कुणीतरी दुसऱ्या कॅमेऱ्याचं शटर आणून बसवलं आणि भिंग जुनंच ठेवलं.

असं केलं तर अनंताचं, म्हणजे फार दूरच्या गोष्टींचं, अंतर बिघडू शकतं, म्हणून तेही तपासलं. पाठ उघडून रोल ज्या रुळांवर टेकतो तिथे ताणून बटर पेपर लावला, शटर 'टी' या खुणेवर उघडं ठेवलं, डोक्यावर काळं फडकं घेतलं आणि कुळागराच्या पलीकडच्या टेकडीवरचा मोबाइलचा टॉवर बघितला. कडं अनंतावर असताना टॉवर पुसट. कडं जरा मागे आणलं की सळ्या दिसायला लागल्या. भिंग आणि शटर एकत्र जन्मलेले नाहीत याचा हा दुसरा पुरावा.

कार्डावर लिहिलं : 'डबा ५१५/२. भिंग मूळचं असावं. शटर नंतरचं.' याला 'दुर्मीळ प्रकार' म्हणायचा मोह होतो, विक्रेते तसं म्हणतातही. पण दुरुस्तीने तयार झालेली जोडी हा कारखान्याचा प्रकार नव्हे. तरीही मला ती दुरुस्ती कमी मोलाची वाटत नाही. गोव्यात नवीन शटर सहज मिळत नसताना कुणा कारागिराने कॅमेरा पुन्हा चालता केला, हाही इतिहासच आहे आणि तो कार्डावर राहील.

२६ मे

अ‍ॅग्फा. इझोलेट घरोघरी होती असं काका सांगतात, आणि पेटीवरून तसं दिसतंही. १२० चा रोल, ६ बाय ६, खिशात मावणारा डबा. १, २ आणि ३ हे १९५० च्या दशकातले प्रकार. ३ ओळखायला सोपा : व्ह्यूफाइंडरजवळ रेंजफाइंडरची जादा खिडकी आणि वर अंतराचं दातेरी चाक, इथेही भिंगाला न जोडलेलं. १९५४ ची सुपर इझोलेट मात्र जोडलेली. अमेरिकेत हेच कॅमेरे अ‍ॅन्स्को स्पीडेक्स नावाने विकले जात.

भिंगं तीन. अग्नार आणि अपोतार तीन काचांची, सोलिनार चार काचांचं. नाव कड्यावर असतंच, पण एका कॅमेऱ्याचं कडं इतकं घासलंय की काही वाचता येत नाही. अशा वेळी दिव्याचं प्रतिबिंब बघायचं, ते पुढे लिहीन.

या भिंगाचं पुढचं कडं फिरवून बघायचा मोह सगळ्यांना होतो. जुनं हिरवं ग्रीस इतक्या वर्षांत फणसाच्या वाळलेल्या चिकासारखं घट्ट झालेलं असतं. जोर लावला तर पुढची काच मधल्या काचेसकट फिरते, वरवर सगळं ठीक वाटतं आणि अंतराचे आकडे कायमचे खोटे होतात. म्हणून नोंदी करणाऱ्या मुलांना सांगून ठेवलंय : नोंदीसाठी अडकलेलं कडं फिरवायचं नाही. 'अडकलेलं' असं लिहायचं आणि पुढचा कॅमेरा घ्यायचा.

भाते अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च ठेवून तपासले. बारीक भोकं जवळपास नेहमी घडीच्या कोपऱ्यांवर.

४ जून

पावसाने जोर धरला. आज बाहेरचं काम नाही, म्हणून प्रतिबिंबांचं.

ट्यूबलाइट बंद करून एकच बल्ब ठेवला. भिंग तिरकं धरलं की काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर बल्बचं एक छोटं प्रतिबिंब दिसतं. तीन सुट्या काचांच्या भिंगात अशी सहा. टेसार हे पाउल रुडॉल्फचं १९०२ चं भिंग. त्यात चार काचा, पण मागच्या दोन एकमेकांना चिकटवलेल्या, म्हणून हवेशी लागणारे पृष्ठभाग तिथेही सहाच. फरक सातव्या प्रतिबिंबात. चिकटवलेल्या जागेवरून एक फार मंद ठिपका येतो. मागच्या बाजूने, अंधारात, डोळा स्थिरावल्यावर तो दिसतो. घासलेल्या कड्याच्या अ‍ॅग्फात तो दिसला. म्हणजे सोलिनार. काकांनी स्वतः बघितला, मग मी, मग पुन्हा काकांनी.

याच दिव्यात काचेवरचा, परावर्तन कमी करणारा लेपही कळतो. प्रतिबिंबं सगळी पांढरी असतील तर भिंग बिनलेपाचं. निळसर-जांभळी असतील तर लेप आहे. झाइसच्या अलेक्सांडर स्माकुलाने १९३५ मध्ये या लेपाचं पेटंट घेतलं, पण अशा कॅमेऱ्यांवर तो युद्धानंतरच सर्रास दिसतो. झाइसच्या भिंगावरचा लाल 'टी' म्हणजे तोच. मात्र बुरशीही कधी कधी निळसर झाक दाखवते. लेप सगळ्या काचेवर सारखा असतो. बुरशी कडेकडून कोळ्याच्या जाळ्यासारखी आत येते.

शटरवरचे वेगाचे आकडेही आजच तक्त्यात मांडले. १, २, ५, १०, २५, ५०, १०० अशी चढण जुनी. १, २, ४, ८, १५, ३०, ६०, १२५ ही पन्नाशीतली. फ्लॅशची खुंटी असेल आणि शेजारी एक्स व एम ही फ्लॅशच्या प्रकाराची अक्षरं असतील तर शटर युद्धानंतरचं. मात्र जुन्या शटरवर मेकॅनिकने मागाहून खुंटी बसवलेली असू शकते. तेव्हा अक्षरं कोरलेली आहेत की नाहीत ते बघायचं.

११ जून

कोडॅक. यांचं कोडं वेगळं, कारण इथे रोलच बदलत गेला. १९१२ ची व्हेस्ट पॉकेट १२७ च्या रोलवर. पुढे १९३० नंतर ६२० आला. त्याची फिल्म १२० च्याच रुंदीची, पण स्पूल बारीक. पाठ उघडून रिकाम्या स्पूलची चकती बघितली की लगेच कळतं. त्यामुळे आत अडकून राहिलेला रिकामा स्पूल फेकायचा नाही. तो कॅमेऱ्याइतकाच पुरावा आहे.

एकाच्या पाठीला छोटं झाकण आणि बाजूला धातूची टोकदार काडी. हा ऑटोग्राफिक. १९१४ मध्ये निघाला. झाकण उघडून फोटोखाली तारीख, गाव लिहायचं आणि क्षणभर आकाशाकडे धरायचं, की अक्षरं निगेटिव्हवर उमटतात. खास रोल लागायचा, तो तिशीच्या सुरुवातीपर्यंत मिळे. याच कॅमेऱ्याची छिद्राची पट्टी ४, ८, १६, ३२, ६४ अशी आहे. ही आपली नेहमीची पट्टी नव्हे. तिथला ४ म्हणजे आपला ८, तिथला ६४ म्हणजे आपला ३२. फक्त १६ दोन्हींकडे सारखा. 'छिद्र ४' असं सरळ उतरवलं असतं तर साध्या भिंगाचा कॅमेरा कागदावर फार वेगवान झाला असता.

अमेरिकन कोडॅकच्या चांगल्या भिंगांवर आकड्याआधी दोन इंग्रजी अक्षरं असतात. त्यात साल दडलेलं आहे. 'कॅमेरॉसिटी' (CAMEROSITY) या शब्दाची दहा अक्षरं क्रमाने १ ते ९ आणि शेवटी ०. कोडॅकच्याच टूरिस्ट या कॅमेऱ्याच्या भिंगावर 'ईटी' आहे : ई म्हणजे ४, टी म्हणजे ९. साल १९४९. टूरिस्ट १९४८ ला बाजारात आली, म्हणजे भिंग आणि डबा जुळतात. चौथ्या ओळीत 'जुळतं' असं मनापासून लिहिता आलं.

२१ जून

बांदोड्याच्या मावशी स्वतः आल्या. त्यांच्या सासऱ्यांचा कॅमेरा, मुरगाव बंदरात एका खलाशाकडून घेतलेला. घरात सगळे त्याला 'झाइस' म्हणतात. मोठा, जड, ६ बाय ९, भिंगाशेजारी पाचरींचा हात.

पण पुढची अक्षरं सिरिलिक आहेत, भिंग इंदुस्तार, आणि डब्यावर लोलकातून जाणाऱ्या किरणाची खूण. ही क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याची. कॅमेरा मॉस्क्वा. आता कितवा? मॉस्क्वा-१ ला रेंजफाइंडर नाही. २ आणि ४ ला आहे, पण त्यांचं भिंग ४.५ चं, ११० मिमी. याचं ३.५ चं, १०५ मिमी, आणि व्ह्यूफाइंडर व रेंजफाइंडर एकाच अखंड टोपीत. म्हणजे मॉस्क्वा-५. मालिकेच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे ५९, तेच साल.

मावशींचा चेहरा जरा उतरला. काकांनी त्यांना ५३०/२ चं चित्र दाखवलं आणि दोन्ही कॅमेऱ्यांचे हात एकमेकांशेजारी समजावून दिले. मॉस्क्वाचा मूळ आराखडा सुपर इकॉन्टाचाच. युद्ध संपल्यावर जर्मनीतली यंत्रं आणि आराखडे रशियाने भरपाई म्हणून नेले, त्यातून हे घराणं उभं राहिलं. म्हणजे घरातलं 'झाइस' हे नाव हवेतलं नाही. कार्डावर मी दोन्ही लिहिलंय : प्रकार मॉस्क्वा-५, घरातलं नाव झाइस. इंदुस्तार हे टेसारच्या धाटणीचंच भिंग आहे हे ऐकून मावशी म्हणाल्या, "मग फोटो चांगले येतात ते उगाच नाही."

५ जुलै

अंतराच्या कड्यांकडे आज पुन्हा बघितलं. काहींवर फूट, काहींवर मीटर. एकच प्रकार दोन्हींत विकला जाई, त्यामुळे कॅटलॉगच्या दृष्टीने हा अगदी छोटा फरक. पण गोव्यात तो छोटा नाही. १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीज राज्य, माल लिस्बनहून आणि मोझांबिककडून यायचा, तिथे मीटर. मुंबई, नैरोबी, मोंबासा ही इंग्रजांची बाजू, तिथे फूट. १९५५ मध्ये भारताने आर्थिक नाकेबंदी केल्यावर सीमेपलीकडून माल येणं कठीण झालं, बंदरातून मात्र येत राहिला.

मीटरचं कडं असलेला पन्नाशीतला इझोलेट ज्या घरातून आला, तिथले एक गृहस्थ मोझांबिकमध्ये लोरेन्सु मार्किशला नोकरीला होते. एन्साइन सेल्फिक्स ८२० वर फूट आहेत, भिंग रॉसचं एक्सप्रेस, सगळाच इंग्रजी माल. तो मुंबईला गिरणीत हिशेबनीस असलेल्यांचा. एवढ्यावरून नियम करायचा नाही, कारण कॅमेरे हातोहात फिरतात. पण कार्डात 'अंतर : फूट / मीटर' ही ओळ आजपासून सक्तीची. आधीची सगळी कार्डं काढून ती भरून घेतली.

१८ जुलै

कार्डं पूर्ण. दोन कॅमेऱ्यांचा डबा नक्की ठरला, पण शटरच जागेवर नाही. त्यांच्या त्या ओळीत 'नाही' एवढंच लिहिलं, अंदाजाचं नाव टाकलं नाही. काका यावर ठाम होते आणि मलाही ते पटतं. एकदा चुकीचं नाव छापलं गेलं की पुढचे सगळे तेच उतरवून घेतात.

घरोघरचे कॅमेरे परत जायला लागले. प्रत्येकाबरोबर कार्डाची एक प्रत, सिलिका जेलची पुडी आणि सूचना : कातडी पाकिटात ठेवू नका, ते पाणी धरतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. हवाबंद डब्यात पुडीसकट ठेवा, पुडी महिन्याने बदला. पाऊस उघडला की दार उघडून भाता सावलीत तासभर मोकळा ठेवा. मावशींनी डबा बरोबरच आणला होता, खाजं ठेवायचा स्टीलचा. झाकण घट्ट बसतंय का, ते काकांनी दाबून बघितलं.